९१ वं स्तोत्र म्हटलं, तरी काळजी का जात नाही?

नगरकरीण

आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत भिंतीवर वचनाची पाटी असतेच. बहुतेक ठिकाणी बायबलमधलं २३ वं स्तोत्र, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. कोविडच्या काळात मात्र ९१ व्याने त्याला पार मागे टाकलं. 'जो परात्पराच्या गुप्त स्थली वसतो, तो सर्वसमर्थाच्या सावलीत राहील.' सकाळी व्हॉट्सॲप उघडावं तर मावशी, पाळकसाहेब, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्यांकडून तेच आलेलं. कारण उघड आहे. त्यात रात्रीचं भय आहे, अंधारात फिरणारी मरी आहे, तुझ्या बाजूला हजारो पडतील पण तुला काही होणार नाही, असं थेट म्हटलंय.

आणि तरी आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं गेली. रोज संध्याकाळी झूमवर हे स्तोत्र मोठ्याने वाचणारी माणसं गेली. कुणी त्यावर बोललं नाही. अंत्यविधीत दुसरी वचनं वाचली गेली आणि ९१ वं गुपचूप फॉरवर्डमधून नाहीसं झालं.

तेव्हापासून मी या प्रश्नाला लटकले आहे की ख्रिस्ती प्रार्थनेत जे 'संरक्षण' मागतात ते नेमकं कशाचं? मला जे उमगलंय ते लिहिते. इथे श्रद्धेवरचे धागे शंभर प्रतिसादांनंतर कुठल्या गल्लीत शिरतात ते माहीत आहे, तरी लिहिते.

बायबलमध्ये हे स्तोत्र पुढे एकाच माणसाला उद्देशून म्हटलं जातं, आणि म्हणणारा कोण, तर सैतान. मत्तय आणि लूक दोघांच्या शुभवर्तमानांत चौथ्या अध्यायात ही गोष्ट आहे. तो येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, टाक उडी, देवदूत तुला झेलतील असं लिहिलंय ना! ते ९१ व्या स्तोत्रातलंच आहे. येशू उडी मारत नाही. देवाची परीक्षा पाहू नकोस, एवढंच म्हणतो. म्हणजे 'मी हे म्हटलंय, आता मला काही होता कामा नये' हा या स्तोत्राचा वापर खुद्द येशूने नाकारला आहे. रविवारच्या उपदेशांत मोहाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. पण ती आपल्या भिंतीवरच्या पाटीला लागू आहे, असं कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं, स्तोत्राच्या शेवटी देव स्वतः बोलतो. तिथे तो 'संकट येऊ देणार नाही' म्हणत नाही, संकटात मी त्याच्याजवळ राहीन म्हणतो. संकट धरूनच चाललंय ते वाक्य.

तिसरं पौलाचं, येशूनंतर त्याचा संदेश पसरवणाऱ्या प्रेषिताचं. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात चौथ्या अध्यायात ते प्रसिद्ध वचन आहे, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, सगळं प्रार्थनेत, आभार मानून देवाला कळवा. पुढे काय? 'मागाल ते मिळेल' असं पुढे येत नाही. देवाची शांती तुमची अंतःकरणं आणि तुमचे विचार राखील, असं येतं. राखायचं ते मन. आणि हे लिहिणारा माणूस तेव्हा बेड्यांत होता, सुटका होईल की मृत्युदंड, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो तसं लिहितोही.

आपल्याकडचंच बघा. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले, भाऊ १८८० मध्ये, नवरा १८८२ मध्ये. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं. पण नंतर? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थनेवर सगळा डोलारा उभा केला त्या बाईंनी, आणि एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. त्या स्वतः एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. मधल्या महिन्यांत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या. ते १९२४ मध्ये छापून झालं. रमाबाईंची प्रार्थना कमी पडली असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

माझं रोजचं साधं आहे. रात्री दिवा मालवायच्या आधी, ज्याची काळजी आहे ते नाव घेऊन बोलायचं. 'सगळं नीट कर' असं मोघम चालत नाही, मन फसत नाही त्याला. 'बापा, ईएमआय आणि फी एकाच आठवड्यात आलीय, मला भीती वाटतेय' असं. मग मागायचं. मग एका गोष्टीचे आभार, शोधून. काही रात्री झोप लागते, काही रात्री नाही लागत.

तुमचं काय? फक्त ख्रिस्ती लोकांनीच उत्तर द्यावं असं अजिबात नाही.

शंकासुर

चांगलं लिहिलंय, पण मला इथे सरळ पळवाट दिसते. आधी म्हणायचं संरक्षण मिळतं. मिळालं नाही की म्हणायचं, संरक्षण मनाचं होतं. असा दावा कधी खोटा ठरूच शकत नाही.

आणि तपासून झालंय हे. २००६ मध्ये अमेरिकेत बायपासच्या १८०२ रुग्णांवर प्रयोग झाला. काहींसाठी अनोळखी ख्रिस्ती गटांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. फरक शून्य. उलट ज्यांना 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे' असं सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत जास्त निघाली, ५९ टक्के. प्रार्थना झाली पण खात्रीने माहीत नव्हतं, त्यांच्यात ५२.

वसईचा वारा

शंकासुरदादा, तो प्रयोग मलाही ठाऊक आहे आणि तो वाचून आमच्या गावचे फादर हसले होते. देव म्हणजे सलाईनची बाटली आहे का, की या खाटेला लावली, त्या खाटेला नाही लावली? शिवाय नियंत्रण गटातल्या, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रार्थना केली नाही त्यांच्यातल्या, माणसाच्या आईने घरी जपमाळ ओढली असेल ती कशी मोजणार?

नगरकरीणताई, आम्ही कॅथलिक. तुमच्यासारखं स्वतःच्या शब्दांत बोलायची सवय आम्हाला कमीच. आमच्याकडे रोझरी, म्हणजे मण्यांची जपमाळ. संध्याकाळी दिवेलागणीला घरातले सगळे एकत्र, आजी पुढे म्हणणार आणि आम्ही मागून. एका माळेत नमो मारिया, म्हणजे येशूच्या आईला केलेली विनवणी, ५३ वेळा येते. लहानपणी कंटाळा यायचा. भावंडं एकमेकांना चिमटे काढायचो, आजी डोळे न उघडता नाव घेऊन दटावायची आणि पुढचा मणी ओढायची.

आता कळतं त्यात काय आहे. मन सैरभैर असताना स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तेव्हा तयार शब्द लागतात. वडील आयसीयूत होते तेव्हा मला 'देवा, असं कर' एवढंसुद्धा धड म्हणता येत नव्हतं. बोटं आपोआप मण्यांवर फिरत होती, बस. आणि त्या प्रार्थनेत शेवटी मागतो काय आपण? आता आणि आमच्या मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर. दोनच वेळा धरल्यात, आता आणि मरताना. मधल्या कशाचीही हमी मागितलेली नाही. मला ते फार प्रामाणिक वाटतं.

शंकासुर

माळेचं मान्य. त्याचं कारणही सापडलंय. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं की लॅटिनमधली रोझरी म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि योगातला मंत्र म्हणतानाही तेवढाच. हृदयाची लय सुधारते. म्हणजे शांती श्वासातून येते. मारियेच्या जागी पाढे म्हटले तरी येईल.

वसईचा वारा

पाढे म्हणून बघा आयसीयूच्या बाहेर बसून. मग बोलू.

सिस्टर_मिरजेकडच्या

मी निवृत्त परिचारिका. आयुष्य मिशनच्या इस्पितळात गेलं. या धाग्यावर लिहायला मला मुलाने टायपिंग शिकवलं, चुका पोटात घाला.

आमच्याकडे पद्धत होती, भूल द्यायच्या आधी ऑपरेशन थिएटरात डॉक्टर प्रार्थना करायचे. दोन-तीन वाक्यं, मराठीत. पेशंट बहुतेक हिंदू, मुसलमान, जैन. कुणी कधी नको म्हटल्याचं मला आठवत नाही. उलट बायका माझा हात धरून म्हणायच्या, सिस्टर, तुमच्या देवाला सांगा हो.

त्या प्रार्थनेत 'हिला बरी कर' असायचं, पण त्याआधी 'आमचे हात स्थिर ठेव' असायचं. शंकासुर भाऊ, त्याचा परिणाम मोजायचा तर पेशंटच्या आधी आमचा मोजा. रात्रपाळीला एकटीवर मोठा वॉर्ड असायचा, दोन खाटा वाईट असायच्या, आणि डॉक्टर क्वार्टरमधून येईपर्यंत सगळं आपल्या अंगावर. अशा वेळी घाबरलेली नर्स चुकीची ॲम्प्यूल उचलते. मी 'प्रभू, जवळ राहा' म्हणून लेबल दोनदा वाचायची. प्रार्थना केली म्हणून लेबल एकदाच वाचून चालेल, असं आम्हाला कुणी शिकवलं नाही. मेट्रनने कानफटात दिली असती.

माणसं मेलीसुद्धा. प्रार्थना करूनच मेली. त्यांच्या नातेवाइकांशी खोटं बोलायची मला कधी गरज वाटली नाही.

कागद_आणि_शाई

सिस्टरांच्या लेबलवरून प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन लूथर आठवला. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येनाला हलवलं, लूथर आणि त्याची गरोदर बायको कॅथरिना मात्र तिथेच राहिले, घरात आजाऱ्यांना ठेवून घेतलं. प्लेगपासून पळावं की नाही, यावर त्याने तेव्हा एक लांब पत्र लिहिलं. सारांश असा: मी देवाकडे रक्षण मागीन, मग घराला धुरी देईन, औषध घेईन आणि देईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याला लागण व्हायला नको. पण शेजाऱ्याला माझी गरज पडली तर मी जाईन. औषध नाकारून 'देव राखील' म्हणणाऱ्यांना तो देवाची परीक्षा पाहणारे म्हणतो. म्हणजे धागाकर्तीचा मंदिराच्या शिखराचाच मुद्दा, पाचशे वर्षांपूर्वी.

अजून एक. ९१ वं स्तोत्र ताईत म्हणून वापरायची खोड फार जुनी आहे. बायझंटाइन काळातल्या कड्यांवर आणि ताइतांवर त्याच्या सुरुवातीच्या ओळी कोरलेल्या सापडतात. आणि दुसरीकडे, संत बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातल्या नियमात हेच स्तोत्र मठातल्या रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेत रोज म्हणायला सांगितलंय, ४ थ्या आणि १३४ व्याच्या जोडीने. ज्यू लोक ते झोपताना म्हणतात आणि दफनाच्या वेळीही. दफनाच्या वेळी! मेलेल्या माणसाजवळ उभं राहून जे म्हणतात ते 'तू मरणार नाहीस' अशा अर्थाने म्हणत असतील का? फॉरवर्डवाल्यांनी एवढा जरी विचार केला असता तरी पुरे होतं.

नगरकरीण

कागद_आणि_शाई, दफनाचं माहीत नव्हतं. आभार. हे आमच्या पाळकसाहेबांना सांगणार आहे.

शंकासुर, पळवाटेबद्दल. तुमचा आक्षेप माझ्यावर नाही लागू, पण अनेक उपदेशकांवर नक्की लागू आहे. स्टेजवरून 'नावाने मागा, ताबा घ्या' सांगणारे आधी बाहेरचं संरक्षण विकतात, विम्याच्या हप्त्यासारखं दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, घेतात, आणि दावा फसला की तुमच्या विश्वासात खोट काढतात. मी म्हणतेय ते नंतर बदललेलं नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने 'हा प्याला टळू दे', म्हणजे हे दुःख टळू दे, म्हटलं, आणि तो टळला नाही. धर्माच्या मुळातच नाकारलेली मागणी आहे. पौलानेही अंगातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे. हे आधीपासून छापलेलं आहे, आम्हीच वाचत नाही.

रात्र_जागते

मी पहिल्यांदाच लिहितेय. वय २६, पुण्यात आयटीत. गेल्या वर्षापासून मला अचानक धडधड होते, हात बधिर होतात, वाटतं आता मरणार. ईसीजी नॉर्मल आला. मी ज्या प्रार्थना-गटात जाते तिथे सांगितलं तर त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, भीतीचा आत्मा निघून जा म्हणून. दोन दिवस बरं वाटलं. परत आलं तेव्हा म्हणाले, तुझ्यात अविश्वास आहे, उपास धर. उपास धरला की चक्कर येते आणि मग जास्तच धडधडतं. आता मला प्रार्थना करायचीच भीती वाटते. कारण केली आणि नाही थांबलं तर तो माझा दोष.

सिस्टर_मिरजेकडच्या

बाळ, आधी जेव. उपास आजपासून बंद.

बायबलमधलं १ राजे हे पुस्तक, १९ वा अध्याय काढ. एलीया संदेष्टा. एवढा मोठा माणूस, ईजबेल राणीच्या धाकाने पळून रानात झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, पुरे झालं, मला मरण दे. देवाने त्याला विश्वासावर व्याख्यान दिलं का? दूत आला आणि म्हणाला, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खाऊन परत झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं. प्रवास, डोंगर, देवाचा आवाज, ते सगळं त्यानंतर.

तुला जे होतंय त्याला पॅनिक अटॅक म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञाकडे जा. हृदयासाठी ईसीजी काढलास तेव्हा तुला कुणी अविश्वासू म्हटलं नाही ना? मग हेही तसंच. लूक स्वतः वैद्य होता, पौलच त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो.

मोरपंखी

सिस्टरांना हजारदा अनुमोदन. मी समुपदेशक आहे, ख्रिस्ती नाही. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

एक व्यावसायिक निरीक्षण. प्रार्थना करणाऱ्या माझ्या अशिलांत मला दोन तऱ्हा दिसतात. काही जण प्रार्थनेत काळजीच पुन्हा पुन्हा उगाळतात, फक्त सुरुवातीला 'देवा' लावून. त्यांची घालमेल उठताना वाढलेली असते. काही जण काळजी सांगतात, सोपवतात आणि उठून भांडी घासतात. नगरकरीण यांनी जे लिहिलंय, नाव घेऊन सांगणं, मागणं, आभार, आणि थांबणं, त्यातलं थांबणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कुठल्याही धर्मातल्या माणसाला.

दादरचा_बुधवार

अवांतर वाटेल, पण. मी हिंदू, आमच्या घरी गणपती बसतो. आई दर बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेला, जायची, तिच्याबरोबर मीही. तिथे १९४८ पासून हा नोव्हेना चालू आहे आणि बुधवारी सगळ्या जातिधर्मांची गर्दी असते. आईला विचारलं होतं, आपली देवळं काय कमी आहेत का? म्हणाली, इथे लोक आपापल्या अडचणी चिठ्ठीवर लिहून टाकतात आणि मग आभाराची पत्रंही मोठ्याने वाचतात. दुसऱ्यांचं ऐकलं की आपलं ओझं जरा आपल्या मापाचं वाटतं.

माझ्यावर ख्रिस्ती होण्याची कुणी जबरदस्ती केली नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा प्रतिसाद तोच येणार आहे.

नगरकरीण

बुधवार, आईंचं अगदी पटलं. प्रभूच्या प्रार्थनेतही, म्हणजे येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत, 'माझी रोजची भाकर' नाही, 'आमची' आहे. सगळी अनेकवचनी. एकट्याने खोलीत दार लावून म्हटली तरी ती 'आमची'च राहते.

@रात्र_जागते, तू गटात सांगितलंस त्यात काही चूक नाही. गट बदल. असा गट बघ जिथे 'अजून बरं नाही' म्हणता येतं. नाहीच मिळाला तर एखाद्या मोठ्या बाईला पकड, रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारी एक तरी असतेच, तिला सांग, तुम्हीच माझ्यासाठी प्रार्थना करा, मला काही दिवस जमणार नाही. प्रार्थना दुसऱ्यावर सोपवणं पूर्णपणे चालतं. मार्क २ मध्ये त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं, आणि येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय.

शंकासुर

माझा देवावर विश्वास नाही आणि या धाग्याने बसलेला नाही. पण रात्र_जागते यांना ज्यांनी अविश्वासू ठरवलं त्यांच्यापेक्षा इथले आस्तिक बरे, एवढी नोंद करतो. डॉक्टरकडे जा, ताई. शक्यतो याच आठवड्यात.

रात्र_जागते

सगळ्यांचे आभार. शनिवारची वेळ मिळाली आहे. दुपारी वरणभात खाल्ला.

एकच विचारायचं होतं. मला सध्या 'धन्यवाद प्रभू, स्तुती प्रभू' असलं काही म्हणवत नाही. तक्रार करायची आहे. अशी स्तोत्रं आहेत का?

कागद_आणि_शाई

भरपूर! १३ वं बघा, 'कोठवर' हा एकच प्रश्न सुरुवातीला चार वेळा विचारलाय. ४२ वं, त्यात माणूस स्वतःच्या जिवाशीच भांडतो की तू का खिन्न झालास. २२ वं तर येशूने क्रुसावर म्हटलं, 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' आणि ८८ वं. बाकीची बहुतेक तक्रारीची स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, ८८ वं वळत नाही, अंधारातच संपतं. तरी कुणी ते काढून टाकलं नाही.

सिस्टर_मिरजेकडच्या

८८ वं रात्री नको वाचूस, बाळ. सकाळी वाच, नाश्ता झाल्यावर. रात्रीसाठी ४ थं पुरे. आणि शनिवारी डॉक्टरांना सांग की उपासात चक्कर येत होती, ते सांगायला विसरू नकोस. हिमोग्लोबिन बघून घे म्हणावं.